कामातील किस्से आणि माणसांची नाती : संस्थांतर्गत अनुभवकथनाचा विचार

प्रस्तावना

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षक-खोलीत एकाच वेळी अनेक प्रकारची माणसे बसलेली असतात. कायम नेमणुकीचे शिक्षक असतात, तासिका तत्त्वावर येणारे असतात, कारखान्यातील नोकरी संपवून कार्यशाळा सांभाळायला आलेले निदेशक असतात आणि नुकतीच पदवी घेतलेले तरुणही असतात. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांमध्ये त्यांची भाषाही एक नसते. कोणाच्या घरी उर्दू किंवा दखनी, कोणाच्या घरी कोकणी, कन्नड, तेलुगू वा गुजराती. या सर्वांची नावे एकाच हजेरीपटावर असतात. परंतु एका हजेरीपटावर नाव असणे आणि एकमेकांशी नाते असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या अंतराची किंमत संस्थेला मोजावी लागते. नवा शिक्षक पहिल्या सत्रात वर्ग हाताळताना अडखळतो आणि ते कोणालाही सांगत नाही. सांगितले तर पुढील वर्षी नेमणूक मिळणार नाही, अशी त्याला भीती असते. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी नेमके हेच अनुभवलेले असते. पण त्यानेही ते कधी बोलून दाखवलेले नसते. दोघे रोज एकत्र चहा पितात, वेळापत्रक आणि परीक्षेबद्दल बोलतात आणि घरी जातात. वर्षअखेरीस नवा शिक्षक नोकरी सोडतो. तिकडे कार्यशाळेतील निदेशक निवृत्त होतो, तेव्हा कोणते यंत्र कोणत्या आवाजाला काय म्हणते हे ज्ञान त्याच्याबरोबरच फाटकाबाहेर पडते.

कामातील अनुभव किश्श्याच्या रूपाने एकमेकांना सांगितल्याने संस्थेतील माणसे जवळ येतात का, येत असतील तर कशामुळे, आणि यासाठी कोणती पथ्ये पाळावी लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचे. कम्युनिटी कॉलेजमधून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी याच प्रकारचे हातकाम करणार असल्याने हे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल.

‘किस्सा’ या शब्दाचा मागोवा

मराठीने ‘किस्सा’ हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने घेतला. कुरआनातील २८व्या सूरहचे ‘अल-कसस’ हे नाव याच धातूपासून आलेले आहे आणि सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांच्या वृत्तांताला ‘अहसनुल कसस’, म्हणजे सर्वोत्तम कथन, असे म्हटले आहे. या धातूचा एक मूळ अर्थ ‘पावलांच्या खुणांवरून मागोवा घेणे’ असा आहे. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांची आई आपल्या मुलीला नदीत सोडलेल्या बाळाच्या मागावर राहण्यास सांगते, तेथे याच धातूचे क्रियापद आलेले आहे.

हा अर्थ आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. किस्सा सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्याला आपल्या पावलांच्या खुणांवरून चालवत नेतो. मी येथून निघालो, येथे चुकलो, येथे थांबलो आणि शेवटी येथे पोचलो, असे तो दाखवतो. नियम किंवा सूचना फक्त पोचण्याचे ठिकाण सांगते. ‘लेथवर काम करताना सैल बाह्यांचा सदरा घालू नये’ ही सूचना झाली. ती फलकावर लिहिलेली असते आणि विद्यार्थी ती वाचून विसरतात. ‘माझी बाही एकदा चकमध्ये ओढली गेली, शेजारच्या मुलाने धावत येऊन स्विच बंद केला, म्हणून हा हात आज शाबूत आहे’ हा किस्सा झाला. सूचनेतून नियम कळतो. किश्श्यातून नियम तर कळतोच, शिवाय तो पाळण्याचे कारण कळते आणि सांगणारा मनुष्यही कळतो. नाते जुळण्याची सुरुवात या शेवटच्या गोष्टीपासून होते.

झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची न्याहारी

आपल्याकडे ‘झेरॉक्स’ हा शब्द छायाप्रतीसाठीच रूढ झाला आहे. मुळात ते कंपनीचे नाव. १९८०च्या दशकात या कंपनीची छायाप्रत यंत्रे अमेरिकेतील असंख्य कार्यालयांत होती आणि ती दुरुस्त करण्यासाठी कंपनीने तंत्रज्ञांची मोठी फौज ठेवली होती. प्रत्येक तंत्रज्ञ आपली गाडी आणि हत्यारांची पेटी घेऊन एकटाच ग्राहकाकडे जाई. त्याच्याजवळ कंपनीने दिलेली जाडजूड माहितीपुस्तिका असे. यंत्राने अमुक क्रमांकाचा दोष दाखवला की तमुक तपासा, ते ठीक असेल तर पुढचे पाहा, अशा पायऱ्या त्यात आखून दिलेल्या होत्या. पुस्तिकेप्रमाणे वागले की यंत्र दुरुस्त होईल, असे व्यवस्थापनाचे गृहीत होते.

ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक कॅलिफोर्नियातील ‘पार्क’ या संशोधन केंद्रात काम करीत होते. हे केंद्र त्या वेळी झेरॉक्सच्या मालकीचे होते. २०२३मध्ये कंपनीने ते एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेला देऊन टाकले. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या जमातीत राहून तिचा अभ्यास करतात, त्याप्रमाणे ऑर तंत्रज्ञांबरोबर राहिले. त्यांनी तंत्रज्ञांचे प्रशिक्षण स्वतः घेतले, त्यांच्याबरोबर ग्राहकांकडे गेले, त्यांच्या जेवणात आणि गप्पांत सामील झाले. त्यांचे ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले.

ऑर यांना असे दिसले की, यंत्रे पुस्तिकेबरहुकूम बिघडत नाहीत. प्रत्येक यंत्राचे वय, जागा, वापरणारी माणसे आणि आधी झालेली दुरुस्ती वेगळी असते. पुस्तिकेतील पायऱ्या संपल्या आणि यंत्र तरीही चालत नसले की तंत्रज्ञ उघडा पडे. अशा वेळी त्याला तारून नेत ते सहकाऱ्यांचे किस्से. तंत्रज्ञ सकाळी न्याहारीला, दुपारी जेवणाला, पत्त्यांचा डाव मांडून एकत्र बसत आणि कोणत्या यंत्राने काल कोणाला कसे छळले हे रंगवून सांगत. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. प्रत्यक्षात त्या गप्पांतच दुरुस्तीचे ज्ञान फिरत होते.

एका प्रसंगाचे त्यांनी केलेले वर्णन बोलके आहे. एक यंत्र दाखवत असलेला दोष आणि त्यातील खरा दोष यांचा मेळ बसत नव्हता. पुस्तिकेने सांगितलेला भाग बदलूनही उपयोग झाला नाही, तेव्हा तंत्रज्ञाने आपल्याहून अनुभवी तज्ज्ञाला बोलावले. त्यालाही उलगडा होईना. यंत्रच बदलून देण्याचा मार्ग मोकळा होता. पण त्यात ग्राहकापुढे नामुष्की होती. मग दोघे यंत्रापुढे बसून एकमेकांना आपापल्या आठवणी सांगू लागले. मागे एकदा असे झाले होते, त्या वेळी तसे दिसले होते, असे करीत करीत त्यांनी तुकडे जुळवले आणि खरे कारण गाठले. पुढे हा सारा प्रसंग स्वतःच एक किस्सा बनून इतर तंत्रज्ञांत फिरला.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या दिसतात. एक, यंत्र दुरुस्त झाले. दुसरी, दोन माणसांनी एकमेकांपुढे ‘मला कळत नाही’ हे कबूल केले आणि त्यातून एकत्र मार्ग काढला. ऑर यांच्या मते हे किस्से तंत्रज्ञांची ओळखच घडवत होते. दिवसभर एकटे काम करणाऱ्या माणसाला आपण एका समूहाचे आहोत, आणि या समूहात आपल्या कसबाची कदर आहे, हे त्या गप्पांतून कळत होते. नवा मनुष्य आधी ऐकत असे; एके दिवशी त्याच्याकडेही सांगण्यासारखे काही जमा होई; ते त्याने सांगितले आणि इतरांनी कान दिला की तो त्यांच्यातला होई.

कम्युनिटी कॉलेजचा शिक्षकही एका अर्थाने एकटाच काम करतो. वर्गाचे दार बंद झाले की आत काय घडते ते दुसऱ्या शिक्षकाला दिसत नाही. अभ्यासक्रम आणि परिपत्रके ही आपली माहितीपुस्तिका. तिच्यातील पायऱ्या संपल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न आपल्यालाही रोज पडतो.

नाव लावण्याची किंमत

तंत्रज्ञांच्या तोंडी ज्ञानाचे महत्त्व ओळखून १९९०च्या दशकात झेरॉक्समध्ये ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तिची सुरुवात फ्रान्समधील तंत्रज्ञांबरोबर झाली. एखाद्या तंत्रज्ञाने अवघड दोषावर उपाय शोधला की तो त्याने लिहून द्यायचा, इतर अनुभवी तंत्रज्ञांनी तो तपासायचा आणि मग संगणकाद्वारे सर्वांना उपलब्ध करायचा. ब्राझीलमधील एक तंत्रज्ञ सुमारे ४०,००० डॉलर किमतीचे यंत्र बदलून देण्याच्या बेतात होता. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एका सहकाऱ्याने नोंदवलेला उपाय त्याला या व्यवस्थेत सापडला आणि एका डॉलरपेक्षाही स्वस्त असलेला सुटा भाग बदलून त्याने यंत्र सुरू केले. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते.

या व्यवस्थेतील सर्वांत शिकण्यासारखा भाग बक्षिसाचा आहे. प्रत्येक उपायासाठी रोख रक्कम द्यावी, असा एक विचार पुढे आला होता. तंत्रज्ञांना तो पटला नाही. पैसे ठेवले की लोक संख्या वाढवण्यासाठी कसलेही उपाय नोंदवतील, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांची मागणी साधी होती : उपायाबरोबर तो शोधणाऱ्याचे नाव असावे. तसे करण्यात आले. पुढे एका तंत्रज्ञाची ओळख ‘अमुक उपाय शोधणारा तो हा’ अशी करून देण्यात आली, तेव्हा सहकाऱ्यांनी आपण होऊन त्याचा टाळ्यांनी गौरव केल्याची नोंद आहे.

आपल्या ज्ञानपरंपरेला ही गोष्ट नवी नाही. हदीसच्या संकलनात मजकुराइतकेच महत्त्व सनदीला, म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला या साखळीला दिले गेले. निवेदकांचे चरित्र आणि विश्वासार्हता तपासणारे ‘अस्मा-उर-रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्र त्यातून उभे राहिले. यंत्रदुरुस्तीची टिपणे आणि हदीस यांची बरोबरी करण्याचा येथे अर्थातच हेतू नाही. परंतु ज्ञान सांगताना ते ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव घ्यावे आणि सांगणाऱ्याने आपल्या शब्दाची जबाबदारी स्वीकारावी, हा अदब आपल्या मदरशांत आणि दर्सगाहांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे. ‘ही युक्ती मला आपल्या जुन्या निदेशकांनी शिकवली’ असे वर्गात म्हणणारा शिक्षक एका वाक्यात तीन माणसांना जोडतो : शिकवणारा, स्वतः आणि समोरचा विद्यार्थी. तेच ज्ञान निनावी सांगितले तर काम होईल. पण साखळी तुटेल.

किश्श्याने नाते का जुळते?

यामागील कारणांवर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्यांपैकी तीन अभ्यास आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला अभ्यास मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९९७ सालचा. त्यांनी अपरिचित व्यक्तींच्या जोड्या केल्या. काही जोड्यांना सुमारे ४५ मिनिटांत क्रमाक्रमाने अधिक वैयक्तिक होत जाणारे प्रश्न एकमेकांना विचारायला सांगितले. इतर जोड्यांना वरवरच्या गप्पांचे प्रश्न दिले. पहिल्या प्रकारच्या जोड्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. यातील ‘क्रमाक्रमाने’ आणि ‘एकमेकांना’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. एकाने सारे उघड करायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे, ही मुलाखत झाली किंवा चौकशी झाली. नाते जुळण्यासाठी देवाणघेवाण लागते.

दुसरा अभ्यास २०१० सालचा, प्रिन्स्टन विद्यापीठातील उरी हॅसन यांच्या गटाचा. गोष्ट सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील हालचालींचे चित्रण करून त्यांनी ती ताडून पाहिली. ऐकणाऱ्याला गोष्ट समजत असेल तर त्याच्या मेंदूतील हालचाल सांगणाऱ्याच्या हालचालीशी जुळू लागते, आणि जितके आकलन चांगले तितकी ही जुळणी अधिक, असे त्यांना आढळले. जी भाषा ऐकणाऱ्यांना येत नव्हती त्या रशियन भाषेतील गोष्ट ऐकवली, तेव्हा जुळणी नाहीशी झाली. अनेक भाषा बोलणाऱ्या आपल्या शिक्षक-खोलीसाठी यात सरळ धडा आहे. चार जण आपल्या भाषेत रंगून किस्सा सांगत असतील आणि पाचव्याला ती भाषा येत नसेल, तर त्या किश्श्याने चौघे जोडले जातात आणि पाचवा तुटतो.

तिसरा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. आफ्रिकेतील कालाहारी भागात राहणाऱ्या जुहोआन्सी लोकांच्या संभाषणांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. दिवसाच्या बोलण्यात तक्रारी, टीका आणि अर्थव्यवहाराचे विषय जास्त होते. गोष्टींचा वाटा केवळ ६ टक्के होता. रात्री शेकोटीभोवती बसल्यावर मात्र ८१ टक्के संभाषण गोष्टींचे होते. माणसे तीच, पण प्रसंग बदलला की बोलणे बदलते. आपल्या कॉलेजातही दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत तक्रारीच निघणार. शेकोटीची जागा घेणारी वेळ आपण वेळापत्रकात ठेवली आहे का, हा प्रश्न आहे.

कर्मचारी कोणते किस्से ऐकत असतात?

संस्थेत किस्से सांगा असे कोणी सांगण्याची गरज नसते. ते चालूच असतात. जोॲन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या संस्थांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तपासल्या. प्रत्येक संस्थेला आपल्या गोष्टी अगदी खास वाटत होत्या. पण सात प्रकारच्या गोष्टी सर्वत्र सापडल्या. त्या सात प्रश्नांची उत्तरे देत होत्या : वरिष्ठाने नियम मोडला तर काय करायचे? मोठा साहेब माणसासारखा वागतो का? लहान माणूस वर चढू शकतो का? मला नोकरीवरून काढतील का? बदली होऊन घर हलवावे लागले तर संस्था मदत करील का? चूक झाली तर वरिष्ठ कसे वागतील? आणि अडचण आली तर संस्था तिला कशी सामोरी जाईल?

हे प्रश्न वाचल्यावर लक्षात येते की नवा शिक्षक घोषणापत्रे वाचून संस्थेविषयी मत बनवत नाही. मागच्या वर्षी एका शिक्षिकेच्या घरी आजारपण आले तेव्हा तिचे तास कोणी घेतले, गुणपत्रिकेत चूक झाली तेव्हा प्राचार्य काय म्हणाले, हे तो शिपाई आणि कारकुनाकडून ऐकतो. संस्थेला चांगले किस्से हवे असतील, तर त्याची पहिली अट तसे वागणे ही आहे. मानधन तीन-तीन महिने थकवायचे आणि स्नेहमेळाव्यात कुटुंबभावनेच्या गोष्टी सांगायच्या, याने कोणाचेही मन जुळत नाही.

किस्सा कोणाचा आहे यालाही महत्त्व असते. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शैक्षणिक संस्थांनी अवश्य पाहावा असा आहे. एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागण्याचे काम काही लोक करीत होते. या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याची त्यांच्यातील एका गटाशी काही मिनिटांची भेट घडवण्यात आली. महिन्याभरानंतर या गटाचा दूरध्वनीवरील वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांनी विद्यार्थ्याचे पत्र केवळ वाचले त्यांच्यात असा बदल दिसला नाही. ग्रँट यांच्या २००८ सालच्या प्रयोगात लेखी गोष्टींचाही परिणाम दिसून आला. पण तो लाभार्थ्यांच्या गोष्टींचा होता. या कामामुळे स्वतःच्या उत्कर्षाला कसा हातभार लागला, हे सांगणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या गोष्टी वाचून काही फरक पडला नाही. आपल्या संस्थांत जकात आणि देणग्यांतून शिकलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना वार्षिक समारंभात व्यासपीठावर उभे करून आभार मानायला लावले तर त्यांची मान खाली जाते. तोच माजी विद्यार्थी राजीखुशीने, बरोबरीच्या नात्याने शिक्षकांबरोबर चहाला बसून आपल्या पहिल्या नोकरीचा अनुभव सांगेल, तर त्याचाही मान राहील आणि शिक्षकालाही आपण कशासाठी राबतो हे दिसेल.

पथ्ये

किश्श्याचे सामर्थ्य मोठे असल्याने त्यापासून होणारे अपायही तितकेच मोठे आहेत. पुढील चार पथ्ये आवश्यक वाटतात.

१) स्वतःचा किस्सा सांगावा, गैरहजर सहकाऱ्याचा सांगू नये. शिक्षक-खोलीतील अनेक गप्पा दुसऱ्याच्या चुकांवर रंगतात. त्यानेही माणसे जवळ आल्यासारखी वाटतात. पण प्रत्येकाच्या मनात शंका राहते की मी उठून गेल्यावर माझ्याविषयी काय बोलले जाईल. सूरह अल-हुजुरातमध्ये संशय, पाळत आणि गीबत यांपासून एकत्रच रोखले आहे, यामागील मर्म संस्थाजीवनात रोज दिसते.

२) सांगितलेली गोष्ट अमानत समजावी. सहकाऱ्याने कबूल केलेली चूक गोपनीय अहवालात उतरली, तर त्या खोलीत पुन्हा कोणी खरे बोलणार नाही. एका वेळचा विश्वासघात अनेक वर्षे पुरतो.

३) कोणावरही सक्ती असू नये. काही माणसे ऐकूनच सामील होतात. घरचे दुःख, आजार, कर्ज, कौटुंबिक कलह यांविषयी बोलायला लावणे हा आगाऊपणा आहे. विषय कामापुरता ठेवावा. मनुष्य त्यातून आपोआप कळतो.

४) नव्या माणसाला पूर्ण गोष्ट सांगावी. डेव्हिड बोजे यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या, कार्यालयीन साहित्याच्या एका कंपनीच्या अभ्यासात दाखवले की जुने कर्मचारी गोष्ट पूर्ण सांगतच नाहीत. एखादा शब्द उच्चारला की बाकीचे समजून घेतात. ‘तो जनरेटरचा प्रसंग’ म्हटले की सारे हसतात. ज्याला तो प्रसंग माहीत नाही, तो त्या हसण्याच्या बाहेर राहतो. जुन्यांना बांधणारा किस्सा नव्याला परका करू शकतो.

कॉलेजात काय करता येईल?

यासाठी निधी किंवा वेगळ्या समितीची आवश्यकता नाही. महिन्यातून दोनदा अर्धा तास पुरेसा आहे. मात्र तो कामाच्या वेळेतच असावा. कॉलेज सुटल्यानंतर ठेवला तर घरी परतण्याची घाई असणाऱ्या शिक्षिका आणि दुसऱ्या ठिकाणी तास घेणारे शिक्षक वगळले जातील. आणि त्यांनाच याची सर्वांत जास्त गरज असते. तासिका तत्त्वावरील शिक्षकांचा तो अर्धा तास मानधनात धरावा. सहा ते आठ जणांचा गट असावा. इतिवृत्त लिहू नये.

सुरुवात सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने करावी आणि ती आपल्या फसलेल्या प्रसंगाने करावी. विभागप्रमुखाने ‘माझा पहिला तास पंधरा मिनिटांत संपला आणि उरलेला वेळ मी फळा पुसत राहिलो’ असे सांगितले, की नव्या शिक्षकाला बोलण्याची परवानगी मिळाल्यासारखे होते. ज्येष्ठांनी केवळ यश सांगितले, तर कनिष्ठही यशच सांगतील आणि ती बैठक प्रशस्तिपत्रकांची होईल. ऐकणाऱ्यांनी लगेच उपदेश करू नये. ‘मग तुम्ही काय केले?’ एवढाच प्रश्न बहुधा पुरतो.

कार्यशाळेत एक अनुभववही ठेवता येईल. यंत्र किंवा काम कोणते, अडचण कशी दिसली, काय काय करून पाहिले, शेवटी कारण काय निघाले, आणि नोंद करणाऱ्याचे नाव व तारीख, एवढे रकाने त्यात असावेत. शीतकरण, शिवणकाम, विद्युतजोडणी, रुग्णसेवा अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला हे लागू पडते. रुग्णसेवेच्या वहीत मात्र रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहू नये. नोंद दोन सहकाऱ्यांनी तपासावी. फसलेले प्रयत्नही लिहावेत, कारण पुढच्या माणसाचा वेळ त्यानेच वाचतो. विद्यार्थ्याने शोधलेला उपाय विद्यार्थ्याच्या नावाने नोंदवावा. दहावी नापास म्हणून हिणवला गेलेला मुलगा आपले नाव त्या वहीत पाहतो, तेव्हा त्याचे कॉलेजशी असलेले नाते बदलते.

समारोप

या विवेचनातून एवढे म्हणता येईल की किस्सा सांगितल्याने नाते आपोआप जुळत नाही. किस्सा स्वतःच्या कामाचा आणि अडचणीचा असावा लागतो. तो बरोबरीच्या माणसांत, सर्वांना समजणाऱ्या भाषेत, सवडीने सांगावा लागतो. आणि त्यावर सांगणाऱ्याचे नाव व ऐकणाऱ्याची जबाबदारी असावी लागते. झेरॉक्सच्या तंत्रज्ञांनी हे सारे न्याहारीच्या टेबलावर, कोणी न सांगता साधले होते. त्यांच्या पुस्तिकांतली बहुतेक यंत्रे केव्हाच भंगारात गेली. त्यांच्या किश्श्यांतून दिसलेली माणसांची गरज मात्र तशीच आहे.

पुढील सत्रात आपल्याकडे नवा शिक्षक रुजू होईल. त्याला वेळापत्रक, हजेरीपट आणि परिपत्रकांची फाईल देण्यात येईल. त्याच दिवशी एखाद्या जुन्या सहकाऱ्याने त्याला शेजारी बसवून आपल्या पहिल्या दिवसाची फजिती सांगितली, तर दोन महिन्यांनी वर्ग हाताबाहेर जाऊ लागेल तेव्हा तो राजीनाम्याचा कागद काढण्याआधी त्या सहकाऱ्याकडे येईल.